मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडी गप्प

हा भाग जळगावातल्या घरीच रेकॉर्ड करतोय. रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि पंखा बंद ठेवलाय, कारण मागच्या वेळी त्याची घरघर ऐकू आली म्हणून बऱ्याच जणांनी कळवलं होतं. तेव्हा घाम पुसत पुसत बोलतोय, हे समजून घ्या.

आजचा विषय तसा किरकोळ वाटेल. हायब्रीड गाडी दारात महिनोन् महिने उभी असेल, तर तिची ती लहान, बारा व्होल्टची बॅटरी जिवंत कशी ठेवायची. पण माझ्या घरात हा विषय किरकोळ राहिलेला नाही. का, ते आधी सांगतो.

माझी मावशी आणि काका धुळ्याला राहतात, देवपुरात. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, शुगर आहे, हृदयाचं जुनं दुखणं आहे. मुलगा अमेरिकेत. आईवडिलांना दवाखान्यात न्यायला-आणायला घरची गाडी असावी, म्हणून त्यानं चांगली हायब्रीड गाडी घेऊन दिली. आता चालवणार कोण? काकांनी चालवणं सोडलंय, मावशीला येत नाही. शेजारचा एक मुलगा आहे, सज्जन, वेळेला धावून येणारा. तो चालवायचा. पण 'वेळेला' म्हणजे महिन्यातून एकदा, कधी दोन महिन्यांतून एकदा. बाकीचे दिवस गाडी पोर्चमध्ये, पत्र्याच्या शेडखाली, कव्हर घालून उभी.

मागच्या वर्षी आखाजीला मी जेवायला गेलो होतो. खापरावरचे मांडे, आमरस, वगैरे झालं, आणि सुपारी कातरता कातरता काका म्हणाले, "अरे, ही गाडी इतकी उभी राहते, बॅटरी उतरणार नाही ना?" मी काय म्हणालो असेन? "काका, हायब्रीड आहे ती. एवढी मोठी बॅटरी आहे पोटात. तिला काय होतंय!"

मी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. वीस वर्षं झाली. म्हणून घरात विजेच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. तो शब्द असा गेला.

मे महिन्याच्या शेवटी, रात्री दोन-चाळीसला मावशीचा फोन. काकांच्या छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम सुटलाय. शेजारचा मुलगा आलाय, पण गाडीचं दार उघडत नाहीये. मावशी एरवी माझ्याशी मराठीत बोलते, त्या रात्री अहिराणीतच सुरू झाली, "भाऊ, गाडी काहीच बोलस नही."

रिमोट दाबला, काही नाही. मी फोनवर सांगितलं, रिमोटच्या पोटात लोखंडी चावी असते, ती ओढून काढा. ती सापडायला वेळ गेला. दार उघडलं, तर आत दिवा लागत नाही. ब्रेक दाबून बटण दाबलं, तर डॅशबोर्ड दिवाळीच्या माळेसारखा दोनदा लुकलुकला, आतून टक-टक-टक आवाज आला आणि सगळं विझलं. मुलगा म्हणाला, "काका, धक्का मारू का?" हायब्रीड गाडी धक्क्यानं सुरू होत नाही. त्याच्या घरची गाडी नेमकी शिरपूरला गेलेली. जंपर केबल गल्लीत कुणाकडे नाही. १०८ ला फोन केलेला होता, पण तेवढ्यात मागच्या गल्लीतले एक रिक्षावाले उठून आले आणि काकांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. या सगळ्यात वीस-बावीस मिनिटं गेली.

काका बरे आहेत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पुढचं काही ऐकणार नाही. अँजिओप्लास्टी झाली, आता सकाळी पांझरेच्या बाजूला फिरायला जातात. पण मी त्या रात्री एरंडोल, पारोळा करत धुळ्याकडे निघालो, नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचा रस्ता, तेव्हा डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. माझंच. "तिला काय होतंय!"

आता तिला काय होतं, ते बघू.

हायब्रीडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. मी इथे स्ट्राँग हायब्रीडबद्दल बोलतोय, म्हणजे नुसत्या विजेवरही थोडंफार अंतर चालणारी गाडी. आपल्याकडे २०२२ मध्ये एकापाठोपाठ अशा गाड्या आल्या. होंडा सिटीची हायब्रीड, मग टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा, वर्षाच्या शेवटी इनोव्हा हायक्रॉस. यांच्यातली मोठी बॅटरी शेकडो व्होल्टच्या घरातली. हायरायडर आणि ग्रँड विटाराची साधारण १७७ व्होल्टची, लिथियम-आयन. हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड. ही बॅटरी गाडी ओढायला मोटरला मदत करते आणि इंजिन सुरू करण्याचं कामही मोटरकरवी तीच करते. वेगळा सेल्फ-स्टार्टर बहुतेक स्ट्राँग हायब्रीडमध्ये नसतोच.

आणि दुसरी, आपल्या ओळखीची, बारा व्होल्टची शिसं-आम्लाची बॅटरी. फ्रान्समध्ये प्लांटेनं १८५९ साली जी बनवली, तिचीच ही पणती. दिवे, हॉर्न, दारांची लॉकं, आणि मुख्य म्हणजे गाडीतले सगळे छोटे कॉम्प्युटर हिच्यावर चालतात. आता गोम इथे आहे. गाडी बंद केली की सुरक्षिततेसाठी मोठी बॅटरी बाकीच्या वायरिंगपासून पूर्ण तोडली जाते. मध्ये मोठे रिले असतात, ते उघडतात. परत जोडायचे तर त्या रिलेंना बारा व्होल्ट लागतात. त्या रात्री जो टक-टक आवाज येत होता, तो बहुधा रिलेंचाच. ओढायचा प्रयत्न करत होते, ताकद नव्हती.

म्हणजे तिजोरी भरलेली आहे, पण किल्ली ज्या शिपायाच्या खिशात आहे, तो बेशुद्ध पडलाय. तिजोरीतले पैसे काढून त्याला सलाईन लावावं, तर तिजोरी उघडत नाही.

गाडी चालू असताना, म्हणजे समोर 'रेडी' असं आलेलं असताना, मोठी बॅटरी एका कन्व्हर्टरमधून लहानीला चार्ज करत असते. साध्या गाडीत जे काम अल्टरनेटर करतो, ते. बंद गाडीत हे थांबतं. काही इलेक्ट्रिक गाड्या उभ्या असतानाही मधूनमधून लहान बॅटरीला पाजतात. बऱ्याच हायब्रीडमध्ये ही सोय नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. साध्या गाडीची बॅटरी कमजोर होते तेव्हा ती आधी सांगते. सकाळी सेल्फ मारला की घर्र... घर्र... असा जड आवाज येतो, आपण समजतो की हिचे दिवस भरलेत. हायब्रीडच्या लहान बॅटरीला सेल्फ फिरवायचा नसतो. कॉम्प्युटर जागे करायचे आणि रिले ओढायचे, एवढंच काम. ते काम ती अगदी शेवटच्या दिवसापर्यंत बिनबोभाट करते. काल ठणठणीत आणि आज गेलेली. म्हणून काकांच्या गाडीनं आखाजीला काहीच तक्रार केली नव्हती.

मग तीन-साडेतीन आठवड्यांत ती इतकी उतरली कशी? काका आयसीयूतून बाहेर आल्यावर मी मल्टिमीटर घेऊन बसलो. बॅटरीवर आठ व्होल्ट होते. पूर्ण भरलेली बॅटरी तासभर निवांत ठेवल्यावर साधारण १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. बाराच्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आठ म्हणजे काय, विचारूच नका.

माझ्या गाडीवरून केबल लावून ती जागी केली आणि मग गाडी बंद करून, दारं लावून, अर्धा तास थांबून, उभ्या गाडीला किती करंट जातोय ते मोजलं. हा अर्धा तास महत्त्वाचा. आजकालच्या गाड्या लगेच झोपत नाहीत. कॉम्प्युटर एकेक करून झोपतात आणि त्याआधी मोजलं तर आकडा भलताच मोठा येतो. आला ७० मिलिअँपिअर. गाडीचे स्वतःचे असावेत पंचवीसच्या आसपास. घड्याळ, अलार्म, चावी जवळ आली का हे बघणारा रिसीव्हर, हे सगळं त्यात आलं. मग उरलेले पंचेचाळीस कुणाचे?

डॅशबोर्डखाली हात घातला, तर एक जीपीएस ट्रॅकर निघाला. मावसभावानं गाडी घेतल्यावर बाहेरून बसवून घेतला होता. म्हणजे अमेरिकेत बसून तो रोज मोबाइलवर बघायचा की गाडी कुठे आहे. गाडी रोज देवपूरलाच होती. (हसू येतं आता. तेव्हा आलं नव्हतं.)

हिशेब करून बघा. ७० मिलिअँपिअर गुणिले चोवीस तास, म्हणजे दिवसाला १.७ अँपिअर-अवर. एकवीस दिवसांत पस्तीसच्या वर. बॅटरी होती ४५ अँपिअर-अवरची, तीही नवी असताना. ट्रॅकर नसता, तर दिवसाला ०.६, महिन्याला अठरा. तरीही महिन्या-दोन महिन्यांनी ती रडकुंडीला आलीच असती. ट्रॅकरनं फक्त घाई केली.

आणि वर आपला उन्हाळा. जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात मे महिन्यात ४४-४५ अंश म्हणजे कुणी बातमीसुद्धा करत नाही. त्या पत्र्याच्या शेडखाली मी दुपारी तीनला थर्मामीटर ठेवला, तर ४७ दाखवत होता. शिसं-आम्लाची बॅटरी काहीही न जोडता नुसती ठेवली, तरी आपोआप उतरते. पंचवीस अंशाला महिन्याला साधारण तीन-चार टक्के. आणि ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना हा वेग दुप्पट होतो. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात चौपटीच्या घरात. थंडीनं बॅटऱ्या मरतात असं परदेशातल्या लिखाणात सारखं वाचायला मिळतं. थंडीत ती मेलेली उघडकीला येते, एवढंच. तिला मारतो उन्हाळाच.

उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात. आधी ते मऊ असतात, चार्ज केलं की विरघळतात. आठवड्यामागून आठवडे गेले की घट्ट होतात आणि मग तेवढी जागा कायमची गेली. म्हणून 'उतरली तर उतरली, पुन्हा चार्ज करू' हे धोरण चालत नाही. दोन-तीनदा पूर्ण उतरलेली बॅटरी परत पहिल्यासारखी होत नाही.

इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. केबलनं गाडी जागी झाली, म्हणून मी तिला देवपुरातून वीस मिनिटं फिरवून आणलं आणि म्हणालो, झालं काम. तिसऱ्या दिवशी परत ठप्प. वीस मिनिटांत काय भरणार? बॅटरी रिकामी असताना सुरुवातीला भराभर घेते, पण शेवटचा वीस-पंचवीस टक्के भाग तास-तास खातो. त्याला घाई चालत नाही. मग ती बॅटरी काढून एका दुकानात रात्रभर चार्जिंगला दिली. सकाळी हात लावला तर गरम. मोठ्या चार्जरवर इतर बॅटऱ्यांच्या रांगेत लावलेली. एका पावसाळ्यानंतर ती बदलावीच लागली. बदलताना मॅन्युअलमध्ये लिहिलेलीच जात घ्या. काही गाड्यांत एजीएम प्रकारची, सीलबंद, वायू बाहेर नेणारी नळी असलेली बॅटरी असते, कारण ती डिकीत, म्हणजे माणसं बसतात त्याच हवेत ठेवलेली असते. तिथे दोन पैसे वाचवायला साधी पाण्याची बॅटरी बसवू नका.

मग आला मेंटेनर. बाजारात स्मार्ट चार्जर, ट्रिकल चार्जर अशी सगळी नावं सरमिसळ चालतात, म्हणून नावावर जाऊ नका, काम बघा. माठाला बारीक भोक आहे, दिवसाला पेला-दोन पेले पाणी गळतंय, असं समजा. साधा चार्जर म्हणजे वर नळ उघडा सोडणं. माठ भरला तरी पाणी वाहतच राहणार. बॅटरीच्या बाबतीत वाहणं म्हणजे आतलं पाणी उकळून जाणं, हायड्रोजन निघणं. मेंटेनर आधी माठ भरतो, साधारण १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन, आणि मग साडेतेराच्या आसपास उतरून गळेल तेवढंच घालत राहतो. महिनाभर लावून ठेवला तरी चालतो. त्यासाठीच बनवलाय.

एक अँपिअरचा पुरतो. काकांच्या गाडीला ट्रॅकर काढल्यावर दिवसाला ०.६ लागतात. एक अँपिअरचा मेंटेनर ते तासाभरात देतो. पण हेही ऐका, मेंटेनर हा राखणदार आहे, डॉक्टर नाही. बॅटरी फारच खाली गेली असेल, तर कित्येक मेंटेनर तिला बॅटरी म्हणून ओळखतच नाहीत. काही जोडलेलं नाही असं समजून गप्प बसतात. आधी भरलेली बॅटरी, मग मेंटेनर.

मावशीचा पहिला प्रश्न बिलाचा होता. पाच वॅट धरा. महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट. तिनं मान डोलावली.

आपल्याकडच्या दोन गोष्टी खोक्यावर कुणी ठळक लिहीत नाही. पहिली, तापमान. तो साडेतेराचा आकडा पंचवीस अंशासाठी असतो. बॅटरी जितकी तापलेली, तितका व्होल्टेज कमी द्यायचा असतो. दर अंशाला साधारण वीस मिलिव्होल्ट. पंचेचाळीस अंशाला हिशेब केला तर ०.४ व्होल्ट कमी, म्हणजे तेराच्या जरा वर. हे स्वतः करणारे मेंटेनर मिळतात. माहितीपत्रकात 'टेंपरेचर कॉम्पेन्सेशन' शोधा. ते नसेल तर मी मे महिन्यात काय करतो सांगतो. टायमर लावतो आणि रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच चालू ठेवतो. आठ तास भरपूर झाले.

दुसरी गोष्ट, वीज जाणं. पहिला मेंटेनर मी स्वस्तातला आणला. डिस्प्ले वगैरे छान, निळे आकडे. लावून जळगावला आलो. बारा-तेरा दिवसांनी धुळ्याला गेलो तर त्यावरचा दिवा लागलेला, मावशी म्हणाली, "चालू आहे की, मी रोज बघते." मीटर लावला तर १२.२. झालं असं की मध्ये वीज गेली आणि परत आली. वीज आल्यावर तो मेंटेनर आपल्या पहिल्या स्क्रीनवर जाऊन उभा राहिला होता, कुणीतरी बटण दाबून कार की मोटरसायकल ते सांगेल म्हणून. दिवा चालू, काम बंद. तेव्हा दुकानातच प्लग काढून परत लावून बघा. वीज आल्यावर मागचं आठवून आपोआप सुरू होणारा हवा. हजार-दीड हजारापासून सहा-सात हजारांपर्यंत मेंटेनर मिळतात, त्यातला हा फरक मला बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठा वाटतो.

जोडायचं कसं? गाडी बंद, चार्जरचा प्लग काढलेला. लाल चिमटा प्लसला. लहान बॅटरी डिकीत असेल तर बऱ्याच गाड्यांत बोनेटखाली, फ्यूजच्या डबीत, लाल झाकणाखाली जंपसाठीचं टर्मिनल दिलेलं असतं. तिथे मेंटेनर चालतो का, ते मॅन्युअलमध्ये बघा. काळा चिमटा शक्यतो मायनस टर्मिनलवर नको, बॉडीच्या नेमून दिलेल्या बोल्टवर लावा. एक तर ठिणगी बॅटरीपासून लांब पडते. दुसरं, काही गाड्यांत मायनसवर सेन्सर असतो, त्याला जाणाऱ्या-येणाऱ्या करंटचा हिशेब ठेवू द्यावा लागतो. मग प्लग. काढताना उलटं, आधी प्लग. आणि लाल-काळा उलटा लावला तर साध्या गाडीत एखादा फ्यूज जाईल, हायब्रीडमध्ये कन्व्हर्टरपर्यंत नुकसान पोचू शकतं. तेव्हा चष्मा लावून, उजेडात करा. बोनेटखाली जाड नारिंगी केबली दिसतील, त्या मोठ्या बॅटरीच्या. त्यांच्याकडे फक्त बघायचं.

कायमचं लावायचं असेल तर चिमटे नकोत. बोल्टखाली बसणाऱ्या रिंगा असलेली, मध्ये फ्यूज असलेली वायर मिळते. ती बॅटरीला पक्की करायची आणि तिचं दुसरं टोक पुढच्या जाळीतून बाहेर काढायचं. मेंटेनरची वायर त्यात खुपसायची, झालं. बोनेट उघडायची गरज नाही. चार्जर स्वतः मात्र भिंतीवर टांगा, बोनेटखाली कोंबू नका, तो आधीच तापतो. आणि उंदरांचा बंदोबस्त ठेवा. उभी गाडी म्हणजे उंदरांची धर्मशाळा, हे केळीच्या बागेशेजारी राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

आता तुम्ही विचाराल, एवढं करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडी चालू करून ठेवली तर? चालेल. २०२० च्या लॉकडाउनमध्ये टोयोटानं ब्रिटनमधल्या हायब्रीडवाल्यांना हेच सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा तासभर 'रेडी'मध्ये ठेवा. पण तासभर, पाच मिनिटं नव्हे. आणि 'रेडी'मध्ये, म्हणजे ब्रेक दाबून बटण दाबायचं. ब्रेक न दाबता बटण दाबलं तर डॅशबोर्ड उजळतो, रेडिओ लागतो, माणसाला वाटतं गाडी चालू झाली. प्रत्यक्षात लहान बॅटरी आणखी उतरतेय. आणि 'रेडी'मधली हायब्रीड अगदी शांत असते, मग मध्येच मनाला येईल तेव्हा इंजिन सुरू करते. बंद गॅरेजमध्ये हे जीवघेणं आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मावशीला एकटीला मी हे करायला सांगणार नाही.

मायनसची वायरच काढून ठेवली तर? सहा महिने परदेशी जाणाऱ्यानं जरूर काढावी. पण काकांची गाडी रात्री दोन-चाळीससाठी आहे. तेव्हा पाना शोधत कोण बसणार?

सोलरचंही कुणीतरी विचारलं होतं. ज्या धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, तिथे दहा वॅटच्या पॅनेलला ऊन कमी पडणार नाही. दिवसाला दोन-अडीच अँपिअर-अवर सहज मिळतात. पण पॅनेल उन्हात हवं, शेडखालच्या काचेमागे नको. मध्ये कंट्रोलर हवा. आणि सिगारेट-लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसून भागत नाही, बऱ्याच गाड्यांत गाडी बंद झाली की ते सॉकेटही बंद होतं. ज्यांच्याकडे पोर्चमध्ये प्लग नाही, त्यांच्यासाठी उत्तम उपाय.

एक मात्र लक्षात असू द्या. मेंटेनर मोठ्या बॅटरीला काहीही देत नाही. तीही हळूहळू उतरतेच, फक्त फार सावकाश. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी अर्धा तास गाडी रस्त्यावर न्यायलाच हवी. टायर, ब्रेक, पेट्रोल यांच्यासाठीही तेच बरं. आणि कधी बंद पडलीच तर टोचन लावून, पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार होते. उचलूनच न्यायची.

तर आता देवपुरात काय व्यवस्था आहे? ट्रॅकर काढला. मावसभाऊ फोनवर कुरकुरला, मग त्याला आकडे पाठवले. शेडच्या खांबावर मेंटेनर, टायमरसकट. मावशीला रात्री झोपण्यापूर्वी घरातली सगळी बटणं बंद करायची चाळीस वर्षांची सवय. पहिल्या आठवड्यात तिनं तेही बटण बंद केलं. चिठ्ठी चिकटवली, तर चष्म्याशिवाय दिसेना. शेवटी तिनंच त्या बटणाला लाल दोरा बांधला. आता त्याला हात लावत नाही, दुसऱ्या कुणाला लावूही देत नाही.

रिमोटमधली लोखंडी चावी काढून मावशीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात घातली. रिमोट आतल्या खोलीत, गाडीपासून लांब. लिथियमचा एक जंप-स्टार्टर आणला, तो घरात, फ्रिजवरच्या फळीवर. गाडीत ठेवला तर आपल्या उन्हाळ्यात तोच आधी जायचा. महिन्यातून एकदा त्याला मोबाइलसारखा चार्ज करायचा. शेजारच्या मुलाकडून एकदा सगळं करून घेतलं. रात्री, दिवे घालवून, घड्याळ लावून. वायर उपसणे, चावी, ब्रेक, बटण, गेट. पहिल्यांदा सात मिनिटं लागली, कारण गेटची किल्ली सापडेना. तिसऱ्यांदा दीड मिनिट.

काका खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "मला बसवून एकदा खरंच नेऊन आणा दवाखान्यापर्यंत, म्हणजे मोठ्या बॅटरीचंही भागेल." नेऊन आणलं. येताना सगळ्यांनी उसाचा रस प्यायला, काकांचा बिनसाखरेचा लिंबूपाणी.

दर रविवारी सकाळी मावशी मला मेंटेनरच्या हिरव्या दिव्याचा फोटो पाठवते. फोटोत बहुतेक वेळा दिव्यापेक्षा तिचा अंगठाच जास्त असतो. आणि महिन्यातून एकदा मी जाऊन मीटर लावतो, कारण नुसत्या दिव्यावर विश्वास ठेवून मी एकदा फसलोय. गेल्या रविवारी १२.७ होते.

तुमच्या गाडीचा आकडा काय येतो ते कळवा. मोजताना रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी, दार उघडण्याआधी, आणि मेंटेनर आधीच काढून ठेवलेला. बोनेट मात्र आदल्या रात्री उघडं करून ठेवायला विसरू नका, नाहीतर आतला खटका ओढायला दार उघडावं लागेल आणि गाडी जागी होईल. चला, पंखा लावतो.